भाषेतला बेंदूर

"ही कोण?" वाळिंबे मॅडमनी स्क्रीनला बोट लावून विचारलं.

"शटिल," मी म्हणालो. "फाइली इकडच्या तिकडे करते. कॉपी करते. पुसते."

"विचारून पुसते?"

"नाही."

"अख्खं फोल्डर असलं तरी?"

"तरी नाही. सांगितलं की पुसून मोकळी."

मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "म्हणजे आमच्या थोरल्या जाऊबाई," त्या म्हणाल्या. "लग्नानंतर आठवड्याच्या आत माझ्या माहेरच्या साड्यांचं गाठोडं त्यांनी बोहारणीला दिलं. एका शब्दाने विचारलं नाही. वर मलाच पातेलं दाखवलं, बघ किती छान आलंय म्हणून. हिच्यापासून लांब राहायचं. पुढं."

मी पुढं गेलो. पुढं अजून दीडेकशे होते.

ही कराडातली गोष्ट. वैशाख होता, ऑफिस पत्र्याखाली होतं आणि दुपारी वीज जाताना पंख्याला बरोबर घेऊन जायची. मी कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो आणि का कुणास ठाऊक, आत्ताच रिटायर झाल्यासारखा थकलो होतो. कुमुद वाळिंबे मॅडम खरोखरच रिटायरमेंटच्या जवळ होत्या, त्यामुळे त्यांच्या थकण्याला निदान कारण होतं. आमच्या दोघांच्या मध्ये एक कॉम्प्युटर होता आणि त्यात पायथन नावाची भाषा होती. या भाषेबरोबर एक लायब्ररी येते. पुस्तकांची नव्हे. नेहमी लागणारी कामं भाषा बनवणाऱ्यांनी आधीच करून ठेवलेली असतात, त्यांचे गट पाडून त्यांना नावं दिलेली असतात. आपण नाव घेऊन बोलवायचं, की तो गट येऊन काम करून जातो. तारखांना एक गट, फाइलींना एक, चिठ्ठ्या टाकायला एक. असे दोनशेच्या घरात.

"सगळे एकाच घरात राहतात?" मॅडमनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"हो."

"मग हे सासर आहे," त्या म्हणाल्या. "मला हे येतं. नवीन घरात गेलं की आधी नुसतं बघायचं. कोण कशाला आहे, कुणाला काय विचारायचं, कोण तिरकं बोलतं. आठवडाभर कामाला हात लावायचा नाही. नुसतं 'हो' म्हणत फिरायचं."

मी म्हटलं, हो.

हे सगळं ओढवलं होतं डॉक्टर बाबरांमुळे. शहाजी बाबर हे आमचे मालक. मूळचे जनावरांचे डॉक्टर. वीस वर्षं गायी-म्हशींत हात घालून कंटाळले, तेव्हा त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये हात घातला. आमच्या सॉफ्टवेअरचं नाव 'धारोष्ण'. डेअऱ्या आणि जनावरांचे दवाखाने ते वापरायचे. गाय कधी भरवली ते टाकलं, की कधी विणार, लस कधी, डॉक्टर कधी येणार, त्याची पावती निघायची. इंटरव्ह्यूत डॉक्टरांनी मला हसायला सांगितलं होतं. दात बघून घेतले हे मला नंतर कळलं.

एका सोमवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना उभं केलं. "पुण्याची दूध कंपनी आपल्याला घेतेय," ते म्हणाले. "सॉफ्टवेअर घेणार. गिऱ्हाइकं घेणार. माणसं मात्र बघून घेणार."

"बघून म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"एक पोरगा येईल. नव्या भाषेत गणित घालील. भाषेच्या लायब्ररीत जे आहे तेवढंच वापरून सोडवायचं, घरचं काही चालणार नाही. ज्याला येईल तो राहील."

"आणि ज्याला नाही येणार?"

डॉक्टरांनी वर पंख्याकडे बघितलं. वीज नव्हती, त्यामुळे पंख्याकडूनही काही मदत झाली नाही.

बाकी सगळ्यांचं पायथन बऱ्यापैकी झालं होतं. मॅडम मात्र फॉक्सप्रोत होत्या. फॉक्सप्रो ही जुनी भाषा, जिच्यात 'धारोष्ण'चा पाया होता. पायात काही झालं की मॅडमना हाक जायची. वरचे मजले दुसऱ्यांनी नव्या भाषेत बांधले होते.

"निनाद," डॉक्टर मला म्हणाले, "मॅडमना तू शिकवायचं."

"मी?"

"तू कॉलेजातनं ताजा आलायस."

"ताजा आलोय सर, पण—"

"ताज्या दुधाचा कुणी वास घेऊन बघतं का?"

विषय संपला. खरं सांगायचं तर लायब्ररीतले मला आठ-दहा जण माहीत होते, तेही चेहऱ्याने. बाकीच्यांसाठी आजवर नेट होतं. पण ऑफिसात नेट फक्त डॉक्टरांच्या केबिनमध्ये, कारण बाहेर दिलं तर पोरं क्रिकेट बघतात. घरी जाऊन बघता आलं असतं. घरी जाऊन मी झोपायचो.

चहाला मॅडम बाहेर पायरीवर बसल्या. मी शेजारी बसलो. त्या बराच वेळ कपाकडे बघत होत्या.

"मॅडम, नाही जमलं तर काय होईल मोठंसं," मी म्हटलं. "आराम मिळेल. वाळिंबे साहेबही घरीच असतात ना आता?"

"तेच," मॅडम म्हणाल्या.

"काय तेच?"

"ते घरीच असतात आता." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पाटबंधाऱ्यातून रिटायर झाले. पहिला महिना झोपले. दुसऱ्या महिन्यात उठले आणि स्वयंपाकघरात आले. डबे उंचीप्रमाणे लावले. मग म्हणाले, उंचीप्रमाणे नको, वापराप्रमाणे लावू. मग वापर मोजायला लागले. काल मला म्हणाले, कुमुद, फोडणीचं पाणी वाया जातंय."

"फोडणीत पाणी कुठं असतं?"

"मी पण तेच विचारलं. तर म्हणाले, बेसिनमध्ये बोट धुतेस ना नंतर, ते." त्या उठल्या. "माझी खुर्ची गेली, निनाद, तर मला दिवसभर त्या माणसाच्या हाताखाली काम करावं लागेल. चल. पुढचा कोण?"

पुढचा पिकल होता.

"पिकल म्हणजे लोणचं?"

"हो. आत्ताचा डेटा मुरवून ठेवायचा, पुढं कधीही काढून वापरायचा."

मॅडमना हा माणूस आवडला. पण पायथनमध्ये प्रत्येक गटाची माहिती स्क्रीनवर मागवता येते आणि मॅडम ती ओळ न ओळ वाचायच्या, पोथी वाचल्यासारखी, ओठ हलवत. त्यांना त्यात एक इशारा सापडला. अनोळखी ठिकाणाहून आलेलं पिकल उघडू नये, आत काहीही असू शकतं.

"बघ," त्या म्हणाल्या. "कुणाच्याही घरचं लोणचं खाऊ नका, हे ह्यांनी लिहून ठेवलंय. सुसंस्कृत लोक आहेत."

असे आम्ही रोज फिरलो. कॉपी नावाच्या गटात दोन बहिणी निघाल्या, एक वरवरची कॉपी करणारी आणि एक खोलवरची. मॅडम म्हणाल्या, वरवरचीकडे तुमची वस्तू बदलली की तिच्याकडची पण बदलते, हे लक्षात ठेव, अशी माणसं असतात. रँडमला काहीही विचारलं की तो दर वेळी वेगळं सांगायचा. "मामंजी," मॅडम म्हणाल्या. एका गटाचं नाव धीस होतं. त्याला बोलावलं की तो काहीच करायचा नाही, नुसता उपदेश छापायचा. सोपं बरं, अवघड नको, वगैरे. मॅडमनी तो पूर्ण वाचला. "हे असतंच एक प्रत्येक घरात," त्या म्हणाल्या आणि खिडकी बंद केली.

त्यांची पद्धत ठरलेली होती. गटाला हाक मारायची, मग डिर नावाची आज्ञा द्यायची. डिर म्हटलं की त्या गटात कोण कोण आहे त्यांची नावं येतात. मॅडम म्हणायच्या, आधी घरात कोण आहे ते विचारावं, मग बसावं. मी आयुष्यात डिर वापरली नव्हती. मी थेट आत शिरून फ्रीज उघडणाऱ्यांतला.

मग कॅलेंडर आलं.

मॅडमनी हाक मारली, डिर म्हटलं आणि वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग परत स्क्रीनकडे.

"निनाद, ह्यात 'महिना' आहे."

"असणारच. कॅलेंडर आहे."

"इंग्रजी अक्षरांत, पण 'महिना'च आहे. एम ए एच आय एन ए. 'अमावस्या' आहे. 'सुट्टी' आहे." त्यांचं बोट खाली सरकलं. "बेंदूर आहे."

मी वाकलो. बेंदूर होता. बी ई एन डी यू आर. मॅडमनी त्याला वर्ष दिलं, त्याने तारीख दिली. भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून बघितली. बरोबर होती.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी शिकवणारा होतो.

"लोकेल असतं मॅडम," मी म्हणालो. "मशीन बसवताना प्रदेश विचारतात. भारत निवडलं की भाषा त्याप्रमाणे वागते."

"भारतभर बेंदूर कुठं असतो? पुण्याकडे पण पोळा म्हणतात, तो श्रावणात. बेंदूर आपल्याकडे. सातारा, सांगली, कोल्हापूर."

"जिल्हा पण विचारत असतील."

"परदेशातली माणसं?"

"जागतिक लोक आहेत मॅडम. अभ्यास करतात."

मॅडमच्या चेहऱ्यावर त्या महिन्यात मी पहिल्यांदा काहीतरी उजळलेलं बघितलं. त्यांनी 'महिना'ला हाक मारली. आषाढ-श्रावणाचा महिना सुबक चौकटीत छापून आला आणि खाली एक ओळ: बेंदराच्या दिवशी डॉक्टर गोठ्यावर येणार नाहीत, बैलाला त्रास देऊ नये.

"किती बारीक विचार केलाय," मॅडम हळू म्हणाल्या. "मला उगाच वाटत होतं, नवीन भाषा म्हणजे परकी असणार."

तो गट त्यांनी पाठ केला. बाकीच्यांना त्या ओळखत होत्या, कॅलेंडरकडे त्यांचं येणं-जाणं झालं. सकाळी आल्या की आधी त्याला हाक मारायच्या. माहितीच्या पानाच्या तळाशी फाइलचा पत्ता येतो, तिथपर्यंत मात्र आम्ही कधी गेलो नाही. "पत्ता घेऊन काय करायचंय," मॅडम म्हणायच्या, "आपल्याला काय लग्नपत्रिका पाठवायचीय?"

एकच गोष्ट खटकायची. तारखांचा मुख्य गट डेटटाइम. त्याचं एक काम, लिहिलेल्या अक्षरांवरून तारीख ओळखायचं, आमच्या ऑफिसात कधीच चालायचं नाही. विचारलं की कॅलेंडरचं नाव घेऊन लालभडक एरर टाकायचा. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, कराडच्या हवेत नसेल चालत, सोडून द्या.

मॅडमनी तो एरर ओठ हलवत वाचला. "ह्या दोघांचं पटत नाही," त्या म्हणाल्या. "एकाच घरात राहतात, पण काहीतरी जुनं आहे. आपण मध्ये पडायला नको."

पुण्याचा पोरगा आला तो शुक्रवारी. अद्वैत नाव. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, डोळ्यांखाली काळं, खांद्याला लॅपटॉप. आठवड्यात हे चौथं गाव आहे म्हणाला. आदल्या गावात मुक्काम केलेल्या लॉजवर ढेकूण होते, हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रारसुद्धा नव्हती. इतका दमलेला माणूस मी ऑफिसात तरी बघितला नव्हता आणि आमचं ऑफिस त्या बाबतीत कमी नव्हतं.

परीक्षा त्याच्याच लॅपटॉपवर होती. माझी लवकर झाली. त्याने यादी उलटी करायला सांगितली, मी केली. त्याने मान हलवली. बाकीचेही एकेक करून पार पडले. मग मॅडम बसल्या. डॉक्टर दारात उभे राहिले, गाय अडली असताना मालक उभा राहतो तसे.

"मॅडम, सोपं आहे," अद्वैत म्हणाला. "गाय भरवल्याची तारीख देतो. विण्याची तारीख काढा आणि तो महिना छापून दाखवा. लायब्ररीत जे आहे ते वापरा, स्वतःचं काही लिहू नका."

मॅडमचे आवळलेले खांदे सैल झाले. हे तर रोजचं होतं. विण्याची तारीख त्यांनी डेटटाइमकडून झटक्यात काढली. मग कॅलेंडरला हाक मारली आणि त्याला म्हणाल्या, 'महिना'.

एरर.

असं कुणी इथं राहत नाही, असं लॅपटॉप म्हणाला.

मॅडमनी परत विचारलं. अक्षर न् अक्षर बघून. परत तेच. त्यांनी बेंदूर विचारला. तोही राहत नव्हता.

"मॅडम, हे काय आहे?" अद्वैतने वाकून विचारलं.

"बेंदूर."

"बेंदूर म्हणजे?"

"बैलांचा सण. आषाढात येतो. लायब्ररीत आहे."

"पायथनच्या लायब्ररीत?"

"हो."

अद्वैतने डोळे चोळले. "मॅडम, पायथनच्या लायब्ररीत बैलांचा सण नाहीये."

"आहे," मॅडम म्हणाल्या. आवाज शांत होता, पण पदराचं टोक मुठीत आलं होतं. "मी रोज भेटते. तुमच्याकडे प्रदेश चुकीचा टाकला असेल. निनाद, सांग ह्यांना लोकेलचं."

अद्वैतने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. पंखा चालू होता, तरी उपयोग झाला नाही.

"माझ्या मशीनवर या," मॅडम उठल्या. "दाखवते."

आम्ही सगळे मॅडमच्या टेबलाकडे गेलो. त्यांनी हाक मारली. महिना चौकटीत छापून आला, खाली बैलाला त्रास न देण्याची ओळ. अद्वैत बराच वेळ ती ओळ बघत उभा राहिला. मग त्याने माहितीचं पान उघडलं आणि थेट तळाशी गेला, जिथं पत्ता असतो.

"ही तुमच्या ऑफिसची फाइल आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"तुमचं सगळ्यांचं काम एकाच फोल्डरमध्ये असतं ना? त्यात कुणीतरी कॅलेंडर नावाची फाइल लिहून ठेवलीय. पायथनला नाव सांगितलं की ती आधी घरात बघते. घरात त्या नावाचा कुणी सापडला की बाहेर जातच नाही. लायब्ररीतलं खरं कॅलेंडर या ऑफिसात आजपर्यंत कुणी बघितलेलंच नाही." तो थांबला. "डेटटाइमचं एखादं काम बंद पडतं का तुमच्याकडे?"

"कराडच्या हवेमुळे," डॉक्टर म्हणाले.

"हवेमुळे नाही. त्याला खरं कॅलेंडर लागतं. त्याच्या हातात हे येतं."

"पण मग कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?" अद्वैतने विचारलं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडे डॉक्टरांचा एक नियम होता: दुसऱ्याने लिहिलेली फाइल उघडायची नाही. काही अडलं तर ज्याची आहे त्याला विचारायचं. दुसऱ्याच्या गोठ्यातलं जनावर आपण सोडतो का, असं ते म्हणायचे. त्यामुळे सगळ्यांनी कॅलेंडरला हाक मारली, कॅलेंडर आलं, पावत्या छापल्या गेल्या. कुणी दावं धरून बघितलं नाही.

फाइल उघडली तेव्हा वरच्याच ओळीत नाव होतं. ग. वि. इनामदार.

मॅडम एकदम खाली बसल्या.

"इनामदार कोण?" मी विचारलं.

"तू बसतोस ती खुर्ची त्यांची," मॅडम म्हणाल्या. "माझ्यासारखेच, फॉक्सप्रोवाले. तू यायच्या आधी गेले. डॉक्टरांनी जेव्हा पहिल्यांदा सांगितलं की सगळ्यांना नवीन भाषा शिकावी लागेल, पुढंमागं परीक्षा होईल, तेव्हा महिनाभर दुपारी एकटेच काहीतरी टाइप करत बसायचे. मग एक दिवस डॉक्टरांना म्हणाले, मला नाही जमायचं. आणि मुदतीआधी घरी बसले."

"मी थांबवलं होतं," डॉक्टर म्हणाले. "म्हणाले, पोरांसमोर नापास व्हायचं वय नाही माझं."

अद्वैत खुर्ची ओढून मॅडमसमोर बसला. त्याला घाई असणार, पण ती करायचीही ताकद नसावी.

"मॅडम, मला वाईट वाटतंय," तो म्हणाला. "पण मला विचारायचंय ते लायब्ररीतल्या कॅलेंडरचं. ते तुम्हाला येत नाही."

"त्याला मी कधी भेटलेच नाही," मॅडम म्हणाल्या.

"तेच म्हणतोय."

"मग आता भेटते." त्या उठून परत त्याच्या लॅपटॉपपाशी गेल्या. "बसायला वेळ आहे ना तुम्हाला?"

अद्वैतने हात हलवला. बसा, अशा अर्थाने किंवा काय करायचं ते करा, अशा.

मॅडमनी कॅलेंडरला हाक मारली आणि डिर म्हटलं. सगळी परकी नावं आली. एकही ओळखीचं नाही. मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि मला वाटलं आता त्या उठतील. मला त्यांच्या घरचे डबे दिसायला लागले, वापराप्रमाणे लावलेले, आणि त्यांच्यापुढं वही घेऊन उभे वाळिंबे साहेब.

"कोण कोण आहे बघू," मॅडम स्वतःशी म्हणाल्या. बोट खाली सरकायला लागलं. "ही लीप वर्ष सांगते. बरं. हा महिन्यात दिवस किती ते सांगतो, पण एकदम दोन गोष्टी सांगतो, दुसरीच कामाची. असतात असे. हा... हा नुसता 'मंथ' म्हणतो. कमी बोलतो." त्यांनी त्याची माहिती उघडली, ओठ हलवत वाचली. वर्ष दिलं, महिना दिला. महिना छापून आला. साधा, चौकट नाही, खाली ओळ नाही.

"सोमवारपासून सुरू करतात हे," त्या म्हणाल्या.

"तिकडची पद्धत," अद्वैत म्हणाला.

"आपल्या डेअरीवाल्यांना रविवारपासून लागतो." बोट परत वर गेलं, खाली आलं, थांबलं. "ही आठवडा हलवते वाटतं." मॅडमनी तिला वाचलं. मग तिला सहा हा आकडा दिला आणि 'मंथ'ला परत हाक मारली. रविवार डावीकडे येऊन बसला.

अद्वैत पुढं वाकला. "हे मी सांगितलं नव्हतं."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "पण लागणार होतंच."

त्याने लॅपटॉप स्वतःकडे वळवला, काहीतरी भरलं. "मॅडम राहतायत," तो डॉक्टरांना म्हणाला, आणि डॉक्टरांनी दाराची चौकट सोडली, इतका वेळ ती धरली होती हे तेव्हा दिसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी डोळे दाबून धरले.

"फक्त एक," अद्वैत म्हणाला. "ती फाइल काढा. निदान नाव तरी बदला. ती असेपर्यंत खरं कॅलेंडर आत येऊच शकत नाही."

मी उठलो. नाव बदलणं म्हणजे दोन बोटांचं काम.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "विचारल्याशिवाय नाही."

त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. अद्वैतने लॅपटॉप बॅगेत भरला होता, पण तो गेला नाही, टेबलाला टेकून उभा राहिला. शेवटी पलीकडून आवाज आला, इतका मोठा की आम्हालाही ऐकू येत होता, फोन कानापासून लांब धरून बोलणाऱ्या माणसांचा असतो तसा.

"कोण?"

"इनामदार, मी वाळिंबे बोलतेय. ऑफिसातून."

"बोला बाई. बिघडलं का काय?"

"बिघडलं नाही. कॅलेंडर नावाची फाइल तुमची ना?"

"हो," इनामदार म्हणाले. "शिकताना केली होती. चुकलीय का? बेंदूर दोन हजार तीसपर्यंत घातलेत. पुढचं पंचांग छापून आलं नव्हतं."

"चुकलेली नाही. नाव तेवढं बदलायचं होतं. भाषेत त्याच नावाचं एक आहे."

"ते मला कुठं माहीत? मला कुठं भाषा येत होती बाई, चाचपडत होतो. काढून टाका ना. तुम्ही अजून ठेवलीत कशाला?"

"काढून कशी टाकू? चार वर्षं सगळं ऑफिस त्याच्यावर चालतंय. डेअऱ्यांच्या पावत्या त्याच्यावर निघतात. इनामदार, आम्हाला कुणाला कळलंच नाही ती तुमची आहे म्हणून. आम्हाला वाटलं, ती भाषेतलीच आहे."

"काय वाटलं?"

"भाषेतलीच. मी पंधरा दिवस अभ्यास केला तिचा. शिकवायला एक इंजिनियर पोरगा दिला होता, तो मला समजावून सांगायचा, परदेशातल्या लोकांनी हे कसं केलं असेल म्हणून."

मी टेबलावरच्या पेनात लक्ष घातलं.

"इंजिनियर?" इनामदार म्हणाले.

"हो."

"आणि त्याला पण वाटलं?"

"त्याला तर खात्रीच होती."

पलीकडे काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. कुणाला तरी हाक गेली. अगं, इकडे ये, राहू दे ते, आधी इकडे ये. मग इनामदार परत फोनवर आले. आवाज आता लहान होता.

"बाई," ते म्हणाले, "जरा थांबा, स्पीकर लावतो. हां. आता हे परत एकदा सांगा."

मॅडमनी आमच्याकडे पाठ केली, खुर्चीत सरळ बसल्या आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या.